टर्बो गाडीचे तापमान आटोक्यात ठेवताना: सातारा-सांगलीच्या रस्त्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

वाईपासून पाचगणीपर्यंतचा रस्ता साधारण बारा किलोमीटरांत पावणेसहाशे मीटर चढतो, म्हणजे सरासरी चढ पाच टक्क्यांच्या आसपास येतो. तेराशे किलो वजनाची गाडी या चढावर ताशी ३५ किलोमीटर वेगाने न्यायची, तर निव्वळ उंची गाठण्यासाठी जेमतेम सहा-सात किलोवॅट शक्ती लागते. टायरांचे घर्षण, हवेचा विरोध आणि एसी धरला तरी हा आकडा बारा-पंधराच्या फारसा वर जात नाही. फोक्सवॅगन व्हर्टस किंवा स्कोडा स्लाव्हिया यांच्या दीड लिटर टर्बो इंजिनाची कमाल शक्ती ११० किलोवॅट आहे. तेव्हा माणसे आणि सामान घेऊन शांतपणे पसरणी घाट चढणाऱ्या अशा गाडीचे इंजिन तापत असेल, तर दोष घाटाचा नाही आणि कंपनीने रेडिएटर लहान दिला असेही नाही. गाडीत काहीतरी बिघडले आहे, आणि ते शोधण्याआधी मोठा इंटरकूलर (टर्बोने दाबलेली गरम हवा थंड करणारा भाग) किंवा जाड रेडिएटर विकत घेणे म्हणजे दुखणे एकीकडे आणि औषध दुसरीकडे असा प्रकार होतो.

म्हणून या लेखात सांगितलेला क्रम महत्त्वाचा आहे: आधी मोजावे, मग कंपनीने दिलेली व्यवस्था पूर्ववत करावी, मग हवेची वाट मोकळी करावी, मग ऑइल तपासावे, मग गाडी चालवण्याची पद्धत पाहावी, आणि नवे सुटे भाग बसवण्याचा विचार सर्वांत शेवटी करावा. गॅरेजमध्ये बहुधा याच्या उलट क्रमाने काम होते, कारण नवा भाग विकण्यात जे मिळते ते जाळी धुण्यात मिळत नाही.

नेमके काय तापते

'इंजिन तापते' या दोन शब्दांत टर्बो गाडीच्या बाबतीत किमान चार वेगळ्या गोष्टी येतात. पहिली म्हणजे कूलंटचे, म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांतून फिरणाऱ्या द्रवाचे तापमान, जे गाडीतला काटा दाखवतो. दुसरी म्हणजे इंजिन ऑइलचे तापमान, जे बहुतेक गाड्यांत दिसतच नाही. तिसरी म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेचे, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचे तापमान. चौथी म्हणजे एक्झॉस्ट वायूंचे तापमान, जे पेट्रोल टर्बो इंजिनात पूर्ण भारावर ९०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकते.

यांतील तिसरी गोष्ट सर्वाधिक दुर्लक्षित आहे. मे महिन्यात सांगलीत दुपारी हवा ३८ अंशांवर असताना टर्बोने तिचा दाब दुप्पट केला आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर बाहेर पडणारी हवा सुमारे १३५ अंशांची होते. ही हवा इंटरकूलरमध्ये थंड झाली नाही, तर दोन परिणाम एकदम होतात. दर दहा अंशांमागे हवेची घनता साधारण तीन टक्क्यांनी घटते, त्यामुळे शक्ती कमी होते. शिवाय इंजिनात नॉकिंग (इंधनाचा अवेळी स्फोट) होऊ नये म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, ठिणगी उशिरा पाडू लागतो. उशिरा पडलेल्या ठिणगीमुळे जळण्याचे काम लांबते, एक्झॉस्ट अधिक गरम होतो, टर्बो अधिक तापतो, आणि तापलेला टर्बो पुन्हा हवेला तापवतो. काटा ९० वर निवांत उभा असताना गाडी मात्र 'दमल्यासारखी' वाटते, त्यामागे बहुधा हे चक्र असते.

उंचीचाही यात वाटा आहे. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरांवर आहे आणि महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. वर हवेचा दाब सुमारे ०.८६ बार इतकाच राहतो. इंजिनाला तेवढीच हवा पुरवायची, तर टर्बोला ती सांगलीत २.१ पट दाबावी लागते, तिथे महाबळेश्वरला २.३ पट दाबावी लागते. म्हणजे टर्बो अधिक वेगाने फिरतो आणि हवा अधिक तापवतो. विरळ हवा रेडिएटरमधून उष्णताही कमी वाहून नेते. घाटमाथ्यावरचा गारवा यातील बराच भाग भरून काढतो, पण एप्रिल-मेच्या दुपारी तो पुरेसा ठरेलच असे नाही.

पहिली पायरी: काट्यावर विश्वास न ठेवता मोजणे

अनेक आधुनिक गाड्यांत तापमानाचा काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. कूलंट साधारण ७५ अंशांपासून १०५ अंशांपर्यंत कुठेही असले तरी काटा ९० वरच राहतो, कारण तो हलताना दिसला की ग्राहक तक्रार घेऊन सर्व्हिस सेंटरला जातो. काही गाड्यांत तर काटाच नसून केवळ निळा आणि लाल दिवा असतो. काटा हलू लागतो तेव्हा सावध होण्याची वेळ टळून गेलेली असते.

त्यामुळे स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीच्या संगणकाकडून नोंदी वाचण्याच्या जोडणीत) बसणारा ब्लूटूथ अ‍ॅडॉप्टर घ्यावा आणि मोबाइलवर त्याचे अ‍ॅप चालवावे. कूलंटचे तापमान, इंजिनात शिरणाऱ्या हवेचे तापमान, मॅनिफोल्डमधील (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांतील) दाब, ठिणगीची वेळ आणि गाडीचा वेग एवढ्या पाच नोंदी पुरेशा आहेत. ऑइलचे तापमान मिळाल्यास उत्तम, परंतु सर्वच गाड्या ते ओबीडीवर देत नाहीत. अगदी स्वस्त अ‍ॅडॉप्टर घेतल्यास नोंदी तुटक येतात, म्हणून त्यात काटकसर करू नये. मोबाइल डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नये, नाहीतर इंजिनाआधी तोच तापून बंद पडतो.

मोजणी तीन प्रसंगांत करावी. एक, सातारा-कराड महामार्गावर ताशी ८० किलोमीटरच्या स्थिर वेगाने, किमान वीस मिनिटे. दोन, पसरणी किंवा मेढ्यावरून जाणारा केळघर घाट नेहमीच्या चालीने चढताना. तीन, दुपारी एसी पूर्ण चालू ठेवून सांगली-मिरज रस्त्यावर किंवा साताऱ्यात पोवई नाक्याच्या गर्दीत रांगताना. तिन्ही वेळी बाहेरच्या हवेचे तापमान लिहून ठेवावे, कारण त्याच्याशी तुलना केल्याशिवाय आतल्या आकड्याला अर्थ नाही.

सुस्थितीतील गाडीत कूलंट साधारण ८५ ते १०५ अंशांच्या दरम्यान वरखाली होत राहते, आणि ते १०० च्या पुढे गेले म्हणून घाबरण्याचे कारण नसते. कित्येक इंजिनांत कमी भारावर इंधन वाचावे म्हणून ईसीयू ते मुद्दाम १०० च्या वर ठेवतो. ११० ओलांडून ते चढतच राहिले, तर मात्र थांबावे. शिरणारी हवा चालत्या गाडीत बाहेरच्या हवेपेक्षा दहा ते वीस अंशांनी गरम असणे स्वाभाविक आहे. रांगेत उभे असताना हा फरक चाळीसच्याही वर जातो, परंतु गाडी चालू लागल्यावर एक-दोन मिनिटांत तो खाली यायला हवा. येत नसेल तर इंटरकूलरकडे पाहावे.

खरा उपयोग या नोंदी एकमेकींशेजारी ठेवल्यावर होतो. गाडी गर्दीत तापते आणि महामार्गावर थंड होते, तेव्हा पंखा किंवा त्याच्याकडे जाणारी हवा यांत दोष असतो, कारण वेगात पंख्याची गरजच नसते. उलट गर्दीत ठीक असलेली गाडी ताशी १०० च्या वेगाने तापत असेल, तर हवा भरपूर मिळूनही उष्णता बाहेर पडत नाही असा अर्थ होतो. तेव्हा रेडिएटरच्या नळ्या आतून बुजल्या आहेत, थर्मोस्टॅट (कूलंट तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) पूर्ण उघडत नाही किंवा पाण्याच्या पंपाचे पाते झिजले आहे का, हे तपासावे. आकडा काही सेकंदांत दहा-पंधरा अंशांनी उडी मारून परत येत असेल, तर कूलंट कमी आहे, त्यात हवा अडकली आहे किंवा हेड गॅस्केटमधून (सिलिंडर हेडखालच्या सीलमधून) जळालेला वायू आत शिरतो आहे. आणि जोरात चालवल्यावरच तापमान हळूहळू चढते व सावकाश चालवल्यावर उतरते, एवढाच प्रकार असेल तर बहुधा बिघाड नाही. व्यवस्थेची मर्यादा तेवढी आहे.

दुसरी पायरी: कूलंट, टोपण, थर्मोस्टॅट, पंखा

कूलंटमध्ये पाणी कोणते, हा प्रश्न सांगली जिल्ह्यात विशेष महत्त्वाचा आहे. मिरज, वाळवा आणि कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यात बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर जे पांढरे कवच चढते, तेच इंजिनाच्या आतल्या वाटांवरही चढते, आणि ते धातूच्या तुलनेत उष्णता अत्यंत कमी वाहून नेते. सिलिंडर हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या मधल्या अरुंद जागेत, जिथे उष्णता सर्वाधिक असते, तिथेच हे कवच आधी धरते. त्यामुळे कूलंट तयार मिश्रणाच्या स्वरूपात घ्यावे, किंवा घट्ट कूलंटमध्ये डिस्टिल्ड पाणी मिसळावे. बॅटरीच्या दुकानात 'बॅटरीचे पाणी' म्हणून मिळते ते डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाणी चालते. त्याच दुकानात बॅटरीचे अ‍ॅसिडही तशाच कॅनमध्ये मिळते, म्हणून लेबल वाचून घ्यावे. घाटात नाइलाजाने पिण्याचे पाणी घालावे लागल्यास आठवड्याभरात सगळे काढून नवे भरावे.

मिश्रणाच्या प्रमाणाबद्दल दोन टोकाची मते ऐकू येतात. शुद्ध पाणी कूलंटपेक्षा जास्त उष्णता वाहून नेते हे खरे आहे, आणि निम्म्यास निम्मे मिश्रण पाण्याच्या साधारण ८५ टक्के उष्णताच धरू शकते. परंतु नुसते पाणी महाबळेश्वरच्या उंचीवर उघड्या भांड्यात साडेपंच्याण्णव अंशांनाच उकळते, त्याने अ‍ॅल्युमिनियम गंजते आणि पंपाच्या पात्याला खड्डे पडतात. आपल्याकडे कूलंट गोठण्याचा प्रश्न नाही, म्हणून ४० टक्के कूलंट आणि ६० टक्के पाणी हे प्रमाण उन्हाळ्यासाठी योग्य आहे. त्याखाली जाऊ नये, कारण गंजरोधक द्रव्ये पुरत नाहीत. प्रमाण तपासण्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर नावाचे छोटे उपकरण मिळते, ज्याच्या काचेवर एक थेंब टाकून डोळ्याला लावले की रेषा दिसते. रंगावरून कूलंट जुळवणे टाळावे. गुलाबी, हिरवा, जांभळा हे रंग कंपनीगणिक बदलतात. मॅन्युअलमधला मानक क्रमांक जुळला पाहिजे. न जुळणारे दोन प्रकार एकत्र आल्यास गाळ होतो आणि तो हीटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो.

जुने कूलंट काढल्यावर नवे भरताना हवा अडकू देऊ नये. चांगल्या गॅरेजमध्ये व्हॅक्यूमने भरतात, आणि टर्बो गाडीसाठी तोच आग्रह धरावा, कारण टर्बोच्या आवरणातून जाणारी कूलंटची नळी बारीक आणि उंचावर असते. ते शक्य नसल्यास गाडीचे तोंड चढावर करून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून आणि इंजिन थंड असतानाच टोपण उघडे ठेवून सावकाश भरावे, मग इंजिन चालू करून पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत पातळीवर लक्ष ठेवावे. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पुन्हा पाहावी. ती हमखास थोडी उतरलेली असते.

कूलंटच्या टाकीचे टोपण हा दोन-चारशे रुपयांच्या आसपासचा भाग आहे आणि म्हणूनच त्याकडे कोणी पाहत नाही. ते आतला दाब वातावरणापेक्षा १.१ ते १.६ बारने जास्त ठेवते, आणि त्या दाबामुळेच मिश्रणाचा उत्कलनबिंदू १२५ अंशांच्या पुढे जातो. टोपणाची रबरी रिंग कडक झाली की दाब धरत नाही आणि ११० अंशांनाच स्थानिक उकळी फुटू लागते. दाब तपासण्याचा हातपंप प्रत्येक बऱ्या गॅरेजमध्ये असतो; टोपण आणि पूर्ण व्यवस्था दोन्ही त्यावर तपासून घ्यावीत. इंजिन थंड असताना व्यवस्थेत दाब भरून पंधरा मिनिटे काटा उतरला नाही तरच गळती नाही असे मानावे. काही इंजिनांत पाण्याचा पंप आणि थर्मोस्टॅट यांचे आवरण प्लॅस्टिकचे असते व ते वर्षानुवर्षांच्या उष्णतेने किंचित वाकते. गळती इतकी बारीक असते की गरम इंजिनावर थेंब पडण्याआधीच वाफ होते आणि मागे केवळ गुलाबी-पांढरा वाळलेला डाग राहतो. टॉर्चच्या प्रकाशात आरसा धरून असे डाग शोधावेत.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला आपल्याकडे आजही सर्रास दिला जातो. 'वॉल काढला की गाडी थंड' असे सांगणारे मेस्त्री जुन्या डिझेल गाड्यांवर शिकलेले असतात आणि त्या काळात ते कदाचित खपूनही गेले असेल. टर्बो पेट्रोल इंजिनात मात्र ते पूर्णपणे चूक आहे. थर्मोस्टॅट नसला की बायपासची वाट उघडीच राहते आणि कूलंटचा काही भाग रेडिएटरकडे न जाताच फिरत राहतो; सपाट रस्त्यावर इंजिन गारठलेले राहून ईसीयू जास्त पेट्रोल सोडतो, ऑइलमध्ये पेट्रोल मिसळते, आणि भार आला की तापमान पूर्वीपेक्षा वर जाते. शंका असल्यास थर्मोस्टॅट बदलावा. बरेच थर्मोस्टॅट ८७ अंशांच्या आसपास उघडू लागतात. आपल्या गाडीचा आकडा त्याच्यावरच कोरलेला असतो.

पंखा तपासणे सोपे आहे. बहुतेक गाड्यांत एसी चालू करताच तो मंद वेगाने लागतो, आणि कूलंट शंभरीच्या पुढे गेल्यावर जोरात फिरतो. मंद वेग लागतो पण जोराचा लागत नाही, हा दोष फार आढळतो आणि गर्दीत तापणाऱ्या गाड्यांत सर्वप्रथम तोच शोधावा.

तिसरी पायरी: हवेची वाट

बऱ्याचशा टर्बो गाड्यांत समोरच्या जाळीमागे आधी एसीचा कंडेन्सर, काहींत इंटरकूलर, मग रेडिएटर आणि शेवटी पंखा अशी थप्पी असते. टॉर्च घेऊन समोरून पाहिले तर केवळ कंडेन्सर दिसतो आणि तो स्वच्छ असतो. घाण साचते ती कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या बोटभर फटीत. ऊस हंगामात कराड, इस्लामपूर, ताकारी या पट्ट्यात ट्रॉल्यांच्या मागे रोज गाडी चालवणाऱ्याच्या गाडीची ही फट मार्चमध्ये उघडून पाहावी: उसाच्या पाचटाचे तंतू, बारीक भुसा, किडे आणि धूळ यांचा दाबून बसलेला राखाडी थर निघतो, जो खालच्या एक तृतीयांश भागात सर्वाधिक जाड असतो आणि नखाने उचलला तर सलग निघतो. तेवढ्या भागातून हवा जातच नाही.

हा थर काढण्यासाठी बंपर उतरवून थप्पी थोडी विलग करावी लागते. पाणी नेहमी इंजिनाच्या बाजूकडून बाहेरच्या दिशेने मारावे, म्हणजे घाण आली तशी परत जाते. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पाइप जवळून लावल्यास अ‍ॅल्युमिनियमच्या फिन (उष्णता हवेला देणाऱ्या पातळ पट्ट्या) आडव्या होतात, आणि आडवी झालेली फिन घाणीइतकीच हवा अडवते. बागेला घालतात तसा साधा पाइप आणि सौम्य साबण पुरेसा आहे. वाकलेल्या फिन फिन-कोंबने किंवा बोथट पट्टीने, घाई न करता सरळ कराव्यात. ऊस हंगाम संपल्यावर एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा, एवढे काम केले तरी बहुतेक गाड्यांचे गर्दीतले तापमान उतरते.

त्यानंतर थप्पीच्या कडा पाहाव्यात. रेडिएटरच्या बाजूंना फोम किंवा रबराच्या पट्ट्या असतात, ज्यांच्यामुळे समोरून आलेली हवा बाजूने निसटून न जाता फिनमधूनच जाते. अपघातानंतर बंपर उघडलेल्या गाड्यांत या पट्ट्या हमखास गहाळ झालेल्या असतात. तसेच इंजिनाखालचा प्लॅस्टिकचा ट्रे. गतिरोधकावर घासून तो लोंबू लागला की गॅरेजमध्ये तो काढूनच टाकतात. पण वेगात गाडीखाली हवेचा दाब कमी राहून इंजिनखान्यातली गरम हवा खाली ओढली जावी, यात त्या ट्रेचा वाटा असतो. तो परत बसवावा.

जाळीसमोर हवा अडवणाऱ्या वस्तू वेगळ्या सांगायला हव्यात: मोठी नंबर प्लेट, जादा फॉग लॅम्प, शोभेची क्रोमची पट्टी. दसऱ्याला बांधलेले झेंडूचे जाड तोरण पूजेनंतर काढले नाही, तर पुढे सुकलेल्या पाकळ्या कंडेन्सरवर चिकटून बसतात. बोनेटचा मागचा भाग वॉशर लावून उचलण्याची एक पद्धत तरुण मंडळींत आहे. तिचा उपयोग उभ्या गाडीत होतो, परंतु वेगात काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असल्याने हवा तिथून बाहेर जाण्याऐवजी आत शिरते आणि रेडिएटरमधून येणाऱ्या हवेला अडवते.

ज्या गाड्यांत इंटरकूलर पाण्याने थंड होतो, उदाहरणार्थ फोक्सवॅगन समूहाची ईए२११ कुळातली टीएसआय इंजिने, त्यांत समोर एक वेगळा छोटा रेडिएटर आणि विजेवर चालणारा छोटा पंप असतो. हा पंप निकामी झाला तरी काटा काहीच सांगत नाही. शिरणाऱ्या हवेचे तापमान घाटात ७०-८० च्या वर जाऊन तिथेच राहणे, हीच त्याची खूण.

चौथी पायरी: ऑइल

टर्बोचा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो, तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो, आणि त्याची उष्णता मुख्यतः ऑइलच वाहून नेते. ऑइल ९५ ते १२० अंशांत असेल तर ठीक. १३० च्या पुढे ते वारंवार जात असेल तर बदलण्याचा काळ निम्म्यावर आणावा. मॅन्युअलमध्ये दिलेला मानक पाळावा आणि डब्यावर एपीआय एसपी हा २०२० साली आलेला दर्जा आहे का ते पाहावे, कारण थेट इंधन फवारणाऱ्या टर्बो इंजिनात कमी फेऱ्यांवर अवेळी होणारा स्फोट टाळण्याची चाचणी त्यात अंतर्भूत आहे. 'जाड ऑइल म्हणजे थंड इंजिन' हा समज खरा नाही. गरजेपेक्षा जाड ऑइल घर्षणाने स्वतःच अधिक तापते. पातळी मात्र कमाल खुणेजवळ ठेवावी, कारण घाटाच्या वळणावर कमी ऑइल एका बाजूला जाते. खुणेच्या वर भरू नये.

पाचवी पायरी: घाट चढताना

टर्बो इंजिनात मिनिटाला दीड हजार फेऱ्यांनाच जोर मिळतो, त्यामुळे वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबून घाट चढण्याचा मोह होतो. हेच टाळायचे आहे. कमी फेऱ्यांवर पट्ट्यावर चालणारा पाण्याचा पंप हळू फिरतो, ऑइलचा दाब कमी असतो, आणि तीच शक्ती काढण्यासाठी टर्बोला जास्त दाब द्यावा लागतो. एक-दोन गिअर खाली उतरून अडीच ते साडेतीन हजार फेऱ्यांवर हलक्या पायाने चढल्यास कूलंट व ऑइल भरपूर फिरते आणि शिरणारी हवा कमी तापते. ऑटोमॅटिक गाडीत त्यासाठी मॅन्युअल मोड वापरावा; तो न वापरल्यास गिअरबॉक्स इंधन वाचवण्याच्या नादात वरचा गिअर धरून ठेवतो.

सातगती कोरड्या क्लचच्या डीएसजी (फोक्सवॅगन समूहाचा दुहेरी क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) गाड्यांत आणखी एक पथ्य आहे. रविवारी संध्याकाळी घाटात रांग लागते तेव्हा अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरल्यास क्लच घसरत राहतो आणि इंजिनाआधी तोच तापतो. पुढे दोन गाड्यांची जागा मोकळी होऊ द्यावी, मग एकदम पुढे जावे, तोवर ब्रेकवर उभे राहावे. मागचा हॉर्न वाजवील, वाजवू द्यावा.

पेट्रोलही इथे कामी येते. ज्या इंजिनाचा ईसीयू नॉक ओळखून ठिणगी मागे घेतो, त्याला ९५ किंवा त्याहून जास्त ऑक्टेनचे पेट्रोल दिल्यास उन्हाळी घाटात ठिणगी कमी मागे जाते व एक्झॉस्ट तुलनेने थंड राहतो. हे ओबीडीच्या नोंदीत दिसते. सपाट रस्त्यावर सावकाश चालवणाऱ्याने मात्र त्यावर जादा पैसे घालू नयेत.

चढून वर गेल्यावर शेवटचे दोन-तीन किलोमीटर टर्बोवर दाब न आणता चालवावेत. पाचगणीजवळच्या हॅरिसन फॉलीकडे जोरात चढून येऊन लगेच चावी काढली, तर टर्बोच्या आवरणातली उष्णता थांबलेल्या ऑइलला जाळते आणि बेअरिंगपाशी कोळशाचा थर धरतो. नव्या गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही कूलंट फिरवणारा पंप असतो, परंतु ऑइल फिरवणारा नसतो. पार्किंगमध्ये शिरताना गाडी आधीच सावकाश चालवली असेल, तर वेगळे थांबण्याची गरज नाही. नसेल तर मिनिट-दीड मिनिट आयडलवर ठेवावी. बंद केल्यावर पंखा फिरत राहिला तर तो दोष समजू नये.

तापलीच तर

आकडा ११५ च्या पुढे गेल्यास एसी बंद करावा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण जोरावर ठेवावा, कारण हीटरचा कोअर हा एक छोटा रेडिएटरच आहे. अ‍ॅक्सिलरेटर सोडून सुरक्षित रुंद जागा पाहून थांबावे. पसरणीच्या वळणावर थांबू नये. पंखा फिरत असेल, वाफ दिसत नसेल आणि आकडा उतरत असेल, तर इंजिन आयडलवर चालू ठेवणे चांगले, कारण कूलंट फिरत राहते. वाफ येत असेल, कूलंट सांडले असेल किंवा कमी दाबाचा ऑइलचा दिवा लागला असेल, तर तत्काळ बंद करावे. आकडा चढता चढता एकदम थंड दाखवू लागला, तर गाडी निवळली असे समजू नये. सेन्सरपाशी कूलंटच उरलेले नाही. टोपण पाऊण तासाच्या आत कोणत्याही परिस्थितीत उघडू नये, आणि तापलेल्या इंजिनावर बाहेरून थंड पाणी ओतू नये. एकदा अशी तापलेली गाडी घरी आणल्यावर हेड गॅस्केटची रासायनिक चाचणी करून घ्यावी: टाकीतील हवा निळ्या द्रावणातून ओढतात, आणि जळालेला वायू असेल तर ते पिवळे होते.

शेवटी, नवे भाग

एवढे सर्व करूनही शिरणारी हवा घाटात जास्त तापत असेल किंवा रीमॅप करून (ईसीयूचा प्रोग्राम बदलून) दाब वाढवलेला असेल, तरच मोठ्या इंटरकूलरचा विचार करावा. तो उंचीने वाढवलेला घ्यावा, नुसता जाड नको. जाड कोअर रेडिएटरची हवा अडवतो आणि काटा वर ढकलतो. ऑइल कूलर बसवल्यास थर्मोस्टॅटिक प्लेटसह (ऑइल तापल्यावरच ते कूलरकडे सोडणाऱ्या भागासह) बसवावा, नाहीतर हिवाळ्याच्या सकाळी ऑइल तापायलाच वेळ लागतो. डाउनपाइपला (टर्बोतून निघणाऱ्या एक्झॉस्टच्या नळीला) उष्णतारोधक आवरण हे खर्चाच्या मानाने सर्वांत फलदायी काम आहे, मात्र ऑइल सांडलेल्या जागी ते लावू नये, कारण ऑइल शोषलेले आवरण पेट घेते. वॉरंटी चालू असलेल्या गाडीत यातले काहीही करण्याआधी कंपनीच्या अटी वाचाव्यात, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ रचनेतील बदलांवर मर्यादा आहेत हेही लक्षात घ्यावे.

भाग बसवल्यावर तोच घाट, त्याच वेळी, तेवढीच माणसे घेऊन पुन्हा चढावा आणि बाहेरच्या हवेतला व आतल्या हवेतला फरक जुन्या नोंदीशेजारी मांडावा. पाच अंशांचाही फरक पडला नसेल, तर दुकानदार जुना भाग मागत असतानाही तो देऊ नये.